मराठी स्लाइड्सना एकच फॉन्ट: अक्षरं बदलू नका, त्यांचा खण बदला



आजचा भाग ऐकताना समोर एखादं मराठी प्रेझेंटेशन उघडं असेल तर उत्तम. बसमध्ये लटकत असाल तरी हरकत नाही. बटणांची नावं नुसती ऐकून कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून तर आपण हे शब्दांकन देतो.

विषय आला एका श्रोतीच्या मेसेजमधून. शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा गट, प्रकल्प गावातल्या विहिरींच्या पाण्याचा. चौघांनी आपापल्या वाटणीच्या स्लाइड्स केल्या, ग्रुपवर टाकल्या आणि हिने त्या जोडून २६ स्लाइड्सची एक फाइल केली. जोडल्यावर जे व्हायचं तेच झालं. एका स्लाइडवर जाड शीर्षक, दुसरीवर बारीक, तिसरीवर लग्नपत्रिकेतलं वळण. माहिती चांगली होती, पण बघणाऱ्याला वाटावं की चार वेगवेगळे प्रकल्प चुकून एका फाइलमध्ये आलेत.

मग तिने तेच केलं जे कुणीही करेल. एकेक स्लाइड उघडली, कंट्रोल ए दाबलं, वरच्या यादीतून कॅलिब्री निवडला. इंग्रजी शब्द बदलले. मराठी जागचं हललं नाही. आणि सात-आठ स्लाइड्सवर तर मराठी गायबच झालं, त्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. तिचा मेसेज असा: “दादा, परवा सादरीकरण आहे. वेडं कोण, मी की फाइल?”

कुणीच वेडं नाही. फाइल तिच्या नियमाने बरोबर वागतेय. तो नियम एकदा कळला की हे काम तासाभराचं आहे. नाही कळला तर २६ स्लाइड्सवर रात्र जाते आणि सकाळी पुन्हा तेच.

अक्षराला फॉन्ट कुठून मिळतो?

दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुम्ही अक्षर निवडून हाताने फॉन्ट लावता. मग ते अक्षर तो फॉन्ट खिशात घेऊन फिरतं, कुठेही पेस्ट केलं तरी शक्यतो सोडत नाही. दुसऱ्या वाटेत अक्षराच्या खिशात काहीच नसतं. ते थीमला विचारतं, “मी शीर्षकातलं आहे, मी काय घालू?” थीम सांगेल ते घालतं. थीमने मत बदललं की २६ च्या २६ स्लाइड्सवरची शीर्षकं एका क्षणात बदलतात.

तुमचं अक्षर कुठल्या गटातलं आहे हे ओळखणं सोपं आहे. पॉवरपॉइंटमध्ये शब्दावर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत बघा. नावापुढे कंसात ‘हेडिंग्ज’ किंवा ‘बॉडी’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते थीमचं ऐकतंय. नुसतंच नाव असेल तर कुणीतरी हाताने लावलंय.

एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गोम पुढे आहे, आणि ती मराठीत काम करणाऱ्यालाच बोचते. थीममधला ‘शीर्षकाचा फॉन्ट’ हा प्रत्यक्षात एक फॉन्ट नसतो. आत त्याचे तीन खण असतात. पहिला रोमन लिपीचा. दुसरा चिनी, जपानी, कोरियन या लिपींचा. तिसऱ्याचं नाव ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, आणि त्यात अरबी, हिब्रू, थाई यांच्या शेजारी आपली देवनागरी बसलेली आहे. (आपली लिपी ‘कॉम्प्लेक्स’ कशाला म्हणून राग येतो खरा. पण क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं येतात आणि पडद्यावर एकच क्ष काढावा लागतो, हे काम संगणकाला रोमनपेक्षा जड जातंच.)

‘मजकुराचा फॉन्ट’ याचंही तसंच. म्हणजे थीमच्या कपाटात एकूण सहा खण झाले. तिने कॅलिब्री निवडला. कॅलिब्रीमध्ये देवनागरी अक्षरं मुळातच नाहीत. मग ‘पीएच’ हे रोमनमध्ये लिहिलेलं असेल तर ते बदललं, पण ‘पाणी’ला घालायला कॅलिब्रीकडे कपडेच नव्हते. अशा वेळी पॉवरपॉइंट दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणतं आणि चौकटीत नाव मात्र कॅलिब्रीचंच दाखवत राहतं.

ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये लिपीनुसार एक यादीही लपलेली असते आणि तिच्यात देवनागरीसमोर ‘मंगल’ लिहिलेलं असतं. काहीच न करता टाइप केलेलं मराठी अनेक संगणकांवर मंगलमध्ये दिसतं ते यामुळे. मंगल हा र. कृ. जोशी यांनी रेखलेला फॉन्ट, तेच कवी आणि सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवणारे. विंडोज २००० पासून तो आपल्या सोबतीला आहे. मंगलला नावं ठेवायची फॅशन आहे, पण पडद्यावर देवनागरी नीट दिसायला लागली त्यात त्याचा मोठा वाटा आहे हे विसरू नका.

आधी ‘खोटं मराठी’ शोधा

आता त्या सात-आठ स्लाइड्स, जिथे फॉन्ट बदलल्यावर कचरा आला. गटातल्या एकाने ते पान गावातल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलं होतं, कृतिदेवमध्ये. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, डीव्ही-टीटी सुरेख या सगळ्यांची युक्ती एकच होती. फाइलमध्ये रोमन अक्षरंच साठवायची, फक्त फॉन्टमध्ये त्यांचे आकार देवनागरीचे काढायचे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आत असा असतो: ई, जे, के, मोठा बी, एच. या पाच रोमन अक्षरांवर कृतिदेवचा मुखवटा आहे तोवर ‘मराठी’ दिसतं. मुखवटा काढून दुसरा फॉन्ट लावला की खाली जे आहे ते उघडं पडतं. अशी फाइल मोबाइलवर उघडली तरी हेच होतं, कारण मोबाइलमध्ये कृतिदेव नसतो.

ओळखायची खात्रीची चाचणी सांगतो. कंट्रोल एफ दाबून समोर दिसणारा एखादा शब्द युनिकोड मराठीत टाइप करून शोधा. डोळ्यांसमोर असलेला शब्द पॉवरपॉइंटला सापडला नाही, तर तो मुखवट्यातला आहे.

यावर फॉन्ट बदलणं हा उपाय नाही, मजकूर बदलावा लागतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आपला जुना फॉन्ट नेमका कोणता ते निवडा, मजकूर चिकटवा, रूपांतर करा. पण मग वाचा! ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास घसरतात. ‘किती’ लिहिताना कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी क च्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. ‘पर्याय’, ‘वर्ष’, ‘सर्वेक्षण’ असे शब्द बघा. आणि आकडे तर नक्की बघा. पाण्याच्या अहवालात अक्षर चुकलं तर लोक हसतील, क्षारांचा आकडा चुकला तर निष्कर्षच बदलेल.

हे पहिलं का करायचं? कारण पुढचं सगळं युनिकोड मजकुरावरच चालतं.

फॉन्ट निवडताना

माझा सल्ला ठाम आहे: रोमन आणि देवनागरी दोन्ही ज्यात आहेत असा एकच फॉन्ट घ्या आणि तो दोन्ही खणांत बसवा. मग कुठलं अक्षर कुठल्या खणात डोकावतं याची चिंताच उरत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता हा असा फॉन्ट आहे, बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत मिळतो. पॉपिन्समध्येही देवनागरी आहे, ती निनाद काळे यांनी रेखली. हिंद आहे. बालू शीर्षकाला गोड दिसतो, पण ओळीमागून ओळ बालूत लिहू नका, डोळे थकतात. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत.

कॉलेजच्या संगणकावर काही बसवता येणार नसेल तर निर्मला यूआय निवडा. विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो, दोन्ही लिप्या आहेत, आणि दिसायलाही स्वच्छ आहे. त्यात मिरवण्यासारखं काही नसेल, पण सादरीकरणाच्या खोलीत तो असणार याला किंमत आहे.

ठरवण्यापूर्वी एक ओळ टाइप करून बघा: ‘ॲपमधल्या दऱ्या, शाळा, लक्ष्मी’. मी प्रत्येक फॉन्ट याच ओळीवर घासून बघतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं. मग ‘ॲप’मधला ॲ एका फॉन्टचा आणि प दुसऱ्याच असं ठिगळ दिसतं. ‘दऱ्या’मधला अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे काही शोभेच्या फॉन्टमध्ये त्याची आबाळ असते. आणि ल, श यांचं वळण बघा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, पण पुष्कळ फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाचेच येतात. वाचायला अडत नाही. पण मराठी वळणच हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा खास मराठीसाठीचा फॉन्ट आहे, त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत. शीर्षकांना छान दिसतो.

आता प्रत्यक्ष बदल

फाइलची एक प्रत करून बाजूला ठेवा. मग संगणकावर बसा. मोबाइलच्या पॉवरपॉइंटमध्ये आणि मोबाइलच्या गूगल स्लाइड्समध्ये मजकूर लिहिता येतो, पण मास्टरला हात लावता येत नाही. तुमच्यापैकी बरेच जण सगळं फोनवरच करता, ठाऊक आहे मला. एवढ्यापुरता मित्राचा लॅपटॉप मागा.

पॉवरपॉइंटमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘स्लाइड मास्टर’. डावीकडे सगळ्यात वर एक मोठी स्लाइड दिसेल, खाली लहान लहान. मोठी ती मास्टर. खाली आणखी एखादी मोठी स्लाइड दिसली तर समजा की कुणाच्यातरी स्लाइड्स त्यांच्या मूळ रूपासकट चिकटवल्या गेल्यात. आमच्या श्रोतीच्या फाइलमध्ये अशा चार होत्या! त्या स्लाइड्सना आधी पहिल्या मास्टरचे लेआउट द्या, मग उरलेले मास्टर काढून टाका.

मग वरच्या ‘फॉन्ट्स’मध्ये ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’. इथे शीर्षक आणि मजकूर दोन्हींना मुक्ता द्या. ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली असेल तर याच खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचे खण वेगळे दिसतात, तिथेही मुक्ताच. जोडलेली नसेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’ इथे जोडून घ्या. तरीही खण दिसले नाहीत तर हट्ट सोडा. मास्टरवरच्या शीर्षकाच्या चौकटीची कड निवडा आणि ‘होम’मधून थेट मुक्ता लावा, मजकुराच्या चौकटीलाही तसंच. मास्टरवर लावलेलं खाली झिरपतंच.

मास्टर बंद करून आलात की निम्म्या स्लाइड्स सुधारलेल्या दिसतील. उरलेल्या म्हणजे हाताने फॉन्ट लावलेल्या. डावीकडच्या पट्टीत क्लिक करून कंट्रोल ए, आणि ‘होम’मधलं ‘रीसेट’. हे बटण चौकटींमधली हाताची सगळी रंगरंगोटी पुसतं आणि मास्टरचं म्हणणं लागू करतं. सगळी म्हणजे सगळी: मुद्दाम ठळक केलेला शब्द आणि सरकवलेली चौकटसुद्धा पूर्वपदावर जाते. म्हणून ती प्रत.

रीसेटलाही दाद न देणारं जे उरतं ते सुटे टेक्स्ट बॉक्स असतात. ‘व्ह्यू’मधलं ‘आउटलाइन व्ह्यू’ उघडा. तिथे फक्त मूळ चौकटींमधला मजकूर दिसतो. स्लाइडवर आहे पण आउटलाइनमध्ये नाही, तो सुटा. तो निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबा, अक्षरांवरची हाताची सजावट उतरते आणि ती थीमचा फॉन्ट घेतात. आकार मात्र तुम्हालाच जुळवावा लागेल.

शेवटी ‘होम’मध्ये ‘रिप्लेस’च्या बाणाखाली ‘रिप्लेस फॉन्ट्स’ उघडा. लोक याच्यापासून सुरुवात करतात, मला ते शेवटी आवडतं. फाइलमध्ये अजून कोणकोण फॉन्ट दडलेत त्यांची हजेरी तिथे लागते. एखादा चुकार उरला असेल तर तिथूनच बदला, पण देवनागरीच्या बाबतीत नुसत्या यादीवर भरवसा ठेवू नका, स्लाइड डोळ्यांनी बघा.

गूगल स्लाइड्समध्ये याच जागेला ‘थीम बिल्डर’ म्हणतात, ‘व्ह्यू’मध्ये सापडेल. कॅन्व्हात एका ठिकाणी फॉन्ट बदलला की ‘चेंज ऑल’ असं बटण येतं, ते दाबलं की तो फॉन्ट सगळीकडे बदलतो. लिब्रे ऑफिसवाल्यांचं मला कौतुक वाटतं. तिथे कॉम्प्लेक्स लिप्या सुरू केल्या की रोमन आणि देवनागरीचे खण शेजारी शेजारी उघडे दिसतात, लपवाछपवी नाही.

फॉन्ट एक झाला, तरी स्लाइड्स वेगळ्या का दिसतात?

याचं उत्तर आकारात असतं. २४ हा आकडा अक्षराचा नसतो, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलंय तिचा असतो. त्यामुळे एका फॉन्टचा २४ दुसऱ्याच्या २४ पेक्षा मोठा किंवा लहान दिसतो. नवा फॉन्ट मोठा निघाला की मजकूर चौकटीबाहेर सांडायला लागतो आणि पॉवरपॉइंट न विचारता त्या एका स्लाइडवरचा आकार लहान करतं. भरगच्च स्लाइडवर १८, मोकळ्या स्लाइडवर २४. मागच्या बाकावरच्या परीक्षकाला नेमकी विहिरींच्या आकड्यांची भरगच्च स्लाइडच वाचता येत नाही, जी सगळ्यात महत्त्वाची होती. मास्टरवरच मजकुराच्या चौकटीला ‘डू नॉट ऑटोफिट’ लावा. सांडेल तिथे मजकूर कापा किंवा दोन स्लाइड्स करा.

दुसरं, ओळींमधलं अंतर. पॉवरपॉइंटच्या कोऱ्या थीममध्ये ते ०.९ असतं. रोमनला चालून जातं. मराठीत वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. मास्टरवर ते किमान १ करा, दोन ओळींच्या शीर्षकाला थोडं जास्तच.

तिसरं, ज्या फॉन्टला ठळक प्रकार नाही त्याला ठळक करू नका. सॉफ्टवेअर रेषा नुसत्या फुगवतं, आणि ‘क्ष’ किंवा ‘ध्द’सारख्या अक्षरांची पोटं बुजतात.

घरून निघण्याआधी

फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं. ज्या संगणकावर तो नाव वाचेल तिथे तो फॉन्ट नसेल तर तुमचा मुक्ता तिथे दुसऱ्याच कुणाच्या कपड्यांत दिसेल. विंडोजवर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये फॉन्ट फाइलसोबत बांधायची सोय आहे, ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’. फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तरच हे चालतं. गूगल फॉन्ट्सवरच्या फॉन्टना अडचण येत नाही. गूगल स्लाइड्स ब्राउझरमध्येच दाखवणार असाल तर फॉन्ट गूगलकडून येतो. पण तीच फाइल पॉवरपॉइंटसाठी डाउनलोड केलीत तर फॉन्ट पुन्हा तपासून बघा.

ॲनिमेशन नसेल तर सोबत पीडीएफही ठेवा, त्यात अक्षरांचे आकार गोठलेले असतात. आणि ती पीडीएफ स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका, तिथे फॉन्ट आहेच. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा आणि प्रत्येक पान उघडून बघा.

कुठे अडकलात तर मला स्लाइडचा स्क्रीनशॉट पाठवू नका, फाइलच पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये अक्षर दिसतं, त्याचा खण दिसत नाही.